हिशेबाची वही कोणाच्या हाती?

कोणत्याही खेळाडूच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करावयाचे म्हटले की त्याने किती गोल केले, किती चषक जिंकले आणि किती वर्षे मैदान गाजविले, एवढी बेरीज मांडून आपण स्वस्थ होतो. परंतु ज्याने आपल्या देहाची झीज सोसून हा पराक्रम घडविला त्याच्या श्रमाचे मोल कोणी ठरविले, ते कोणत्या कागदावर लिहिले गेले, आणि तो कागद वाचून त्यावर हरकत घेण्याची मुभा त्याला स्वतःला कधी होती काय, हे प्रश्न मात्र खेळाच्या पावित्र्याला विटाळ करणारे आहेत अशा समजुतीने आपण टाळीत असतो. ही समजूत प्रेक्षकांच्या ठायी भाबडी असेल. ज्यांच्या तिजोरीत त्या प्रेक्षकांच्या तिकिटांचा पैसा जमा होतो त्यांच्या ठायी ती भाबडी कधीच नसते. कॅनडा आणि अमेरिका या देशांतील बर्फावरच्या हॉकीच्या इतिहासात, गेल्या शतकाच्या मध्यास, एकाच संघातून आणि एकाच फळीत खेळलेल्या दोन असामान्य खेळाडूंची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली, म्हणजे खेळावरील निष्ठा आणि खेळाच्या मालकांवरील निष्ठा या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी कशा एक करून दाखविल्या जातात, आणि त्या एक मानण्याची किंमत अखेर कोणाला मोजावी लागते, हे लख्ख दिसून येते. त्या दोघांची नावे गॉर्डी हाऊ आणि टेड लिंडसे.

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंदांचे हिरवे मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. कॅनडात मात्र हॉकी या नुसत्या नावाने जो खेळ ओळखला जातो तो दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद अशा बर्फाच्या बंदिस्त रिंगणात, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून खेळला जातो. चेंडूच्या जागी तेथे कठीण रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती असते, तिला पक म्हणतात. रिंगणाच्या सभोवार कठडे असतात, आणि प्रतिपक्षाच्या माणसाला अंगाच्या धडकेने त्या कठड्यावर नेऊन आदळणे हे नियमबाह्य तर नाहीच, उलट खेळाचे एक अंग मानले जाते. १९४२ पासून १९६७ पर्यंत या खेळाच्या सर्वश्रेष्ठ संघटनेत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, मॉन्ट्रियल, टोरँटो, डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन आणि न्यू यॉर्क असे सहाच संघ होते. अर्थात साऱ्या उत्तर अमेरिकेत या धंद्यातील वरच्या दर्जाच्या नोकऱ्या शंभर-सव्वाशे, आणि त्यांपैकी एखादी आपल्या वाट्यास यावी म्हणून गोठलेल्या तळ्यांवर दिवस दिवस काढणारे उमेदवार हजारो. त्यातही नॉरिस नावाच्या एकाच घराण्याचा पैसा आणि शब्द डेट्रॉइट, शिकागो आणि न्यू यॉर्क अशा तीन ठिकाणी चालत असे, आणि लोक थट्टेने त्या लीगला नॉरिस घराण्याची लीग म्हणत. ज्या बाजारात गिऱ्हाइके सहा आणि त्यांपैकी निम्म्यांची थैली एकाच घरात, त्या बाजारात विकणाऱ्याला भाव कसला मिळणार!

हाऊचा जन्म १९२८ चा, सॅस्कॅचेवन प्रांतातील फ्लोरल या खेड्यातला. जागतिक मंदीच्या ओढगस्तीत तो सॅस्कटून शहरी वाढला, आणि १९४६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघातून लीगच्या सामन्यांत उतरला. त्यानंतर तब्बल पंचवीस हंगाम त्याने त्या एकाच संघाची चाकरी केली. रुंद खांदे, अफाट मनगटी बळ, दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काठी चालविण्याचे दुर्मिळ कसब, आणि पंचाची पाठ वळली की प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीत अचूक बसणारे कोपर, अशा सामग्रीनिशी त्याने चार वेळा लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅनले चषक डेट्रॉइटला आणला, सहा वेळा लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळविले आणि तितक्याच वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हार्ट करंडक पटकाविला. रिंगणाबाहेर मात्र हाच माणूस मवाळ, संकोची आणि विनयशील. व्यवस्थापकाच्या खोलीत शिरून पगाराचा विषय काढावयाचा म्हटला की त्याची जीभ टाळ्याला चिकटत असे.

पहिल्या करारनाम्यावर सही करताना पगाराखेरीज त्याने मागणी केली ती एकाच वस्तूची, संघाचे नाव मिरविणाऱ्या एका जॅकेटची. आणि ते कबूल केलेले जॅकेटसुद्धा त्याला वेळेवर मिळाले नाही, पुढच्या करारनाम्याची वेळ आली तेव्हा त्याची आठवण त्यालाच करून द्यावी लागली. त्या काळी डेट्रॉइट संघाचा सारा कारभार जॅक ॲडम्स या मुखत्याराच्या हाती होता. सर्वांत मोठा पगार तुलाच आहे, असे ॲडम्स त्याला सांगत असे, आणि त्या शब्दावर विसंबून हाऊ वर्षामागून वर्षे किरकोळ वाढीवर समाधान मानीत असे. पगाराचा आकडा सोबत्याला सांगू नये, असा एक शिष्टाचार खेळाडूंच्या अंगी बाणविण्यात आला होता. वरकरणी तो सभ्यपणाचा दिसे, पण त्यामुळे शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला काय मिळते हे कोणालाच कळत नसे आणि सर्वांचे आकडे ठाऊक असणारा माणूस साऱ्या संघात एकटा व्यवस्थापकच उरत असे.

या चाकरीचे दुसरे अंग किती भयंकर होते, हे १९५० च्या मार्च महिन्यात दिसून आले. टोरँटोविरुद्धच्या एका निर्णायक फेरीच्या पहिल्याच सामन्यात, टेड केनेडी या खेळाडूला अडवावयास धावलेला हाऊ तोल जाऊन कठड्यावर आदळला. कवटीस तडा गेला, नाकाचे आणि गालाचे हाड मोडले, मेंदूवर वाढत चाललेला दाब कमी करण्यासाठी शल्यवैद्यांना कवटीस छिद्र पाडावे लागले, आणि दूर सॅस्कटूनहून त्याच्या आईला बोलावून घेण्यात आले. तो वाचला. त्या वर्षीचा चषक डेट्रॉइटने जिंकला तेव्हा डोक्याला पट्ट्या बांधलेल्या स्थितीत तो बर्फावर येऊन उभा राहिला, आणि पुढच्याच हंगामात ८६ गुण मिळवून लीगमध्ये अव्वल ठरला. डोळ्याची पापणी आपोआप फडफडण्याची व्याधी मात्र जडली ती कायमची, आणि सोबत्यांनी तिच्यावरून त्याला टोपणनावही ठेवले. अशा शौर्याचे पोवाडे प्रेक्षकांनी गावेत हे योग्यच होय. परंतु पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना बेगड लावून त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली, म्हणून उरलेल्या वर्षाच्या वैरणीची फेड होत नाही.

मनाजोगा पगार मिळत नसेल तर खेळाडूने दुसऱ्या संघात जावे, असे कोणी म्हणेल. परंतु तो दरवाजा कायद्याने नव्हे तरी करारनाम्याने पक्का बंद करून ठेवलेला होता. प्रत्येक करारनाम्यात असे एक कलम असे की मुदत संपल्यानंतरही खेळाडूवरील हक्क त्याच संघाकडे राहावा. म्हणजे मालकाने वाटेल तेव्हा त्याला विकावे, बदलावे किंवा खालच्या दर्जाच्या संघात पाठवावे, आणि खेळाडूने मात्र आपणहून कोठेही जाऊ नये. हे दास्य लादण्यास प्रौढत्वाचीही वाट पाहिली जात नसे. ‘सी फॉर्म’ नावाचा एक कागद असे, त्यावर अल्पवयीन मुलाच्या वतीने आईबाप सही करीत आणि त्या सहीसरशी तो मुलगा एका विशिष्ट संघाशी बांधला जाई. पुढे ज्याची गणना या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत होऊ लागली तो बॉबी ऑर बॉस्टन संघाशी अशा रीतीने बांधला गेला तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता.

लिंडसे हा निराळ्या मातीचा माणूस. त्याचा जन्म १९२५ साली ऑन्टारियो प्रांतातील रेनफ्रू गावचा. वडीलही एके काळचे धंदेवाईक गोलरक्षक. तो वाढला मात्र कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावात. त्याच गावात १९४१-४२ च्या हिवाळ्यात खाणकामगारांनी आपल्या संघटनेला मान्यता मिळावी म्हणून मोठा संप केला होता आणि मालकांनी तो मोडून काढला होता. उंचीने पाच फूट आठ इंच, पण अंगावर येईल त्याला शिंगावर घेणारा लिंडसे १९४४ साली डेट्रॉइट संघात आला. सिड एबल, हाऊ आणि तो अशी तिघांची आघाडीची फळी मोटारींच्या त्या शहरात ‘प्रॉडक्शन लाइन’ म्हणून गाजू लागली. हाऊ आणि तो संघाच्या ऑलिंपिया रिंगणाजवळच्या एकाच घरमालकिणीकडे बिऱ्हाडाला असत. चषक जिंकल्यावर तो हातात धरून रिंगणाभोवती फिरवावा आणि प्रेक्षकांना जवळून दाखवावा, ही आज रूढ झालेली प्रथा लिंडसेने पाडली असे मानतात; तिकिटाचे पैसे देणारा प्रेक्षक हाच या खेळाचा खरा पोशिंदा आहे, ही जाण त्या कृतीत होती.

१९४७ साली लीगने खेळाडूंच्या निवृत्तिवेतनासाठी एक निधी उभारला. प्रत्येक खेळाडूच्या पगारातून वर्षाला ९०० डॉलर कापून त्या निधीत भरले जात. त्या काळच्या पगाराच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. लीगचा वाटा म्हणून वार्षिक ऑल-स्टार सामन्याच्या उत्पन्नाचा हिस्सा आणि अखेरच्या फेऱ्यांच्या तिकिटांवरील जादा आकार त्यात जमा करावयाचा असे. या निधीच्या मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून बसू लागल्यावर लिंडसेने अगदी साधा प्रश्न विचारला: आमचे पैसे किती जमले, ते कोठे गुंतविले आणि त्यांची वाढ किती झाली? त्याला हिशेब दाखविण्यात आला नाही. ज्या निधीत स्वतःच्या घामाचे पैसे आहेत त्याची वही पाहावयास मागणे हा उद्धटपणा ठरावा, आणि तोही डेट्रॉइट शहरात, जेथे १९५० साली मोटार कामगारांच्या संघटनेने जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीकडून निवृत्तिवेतनासह पाच वर्षांचा करार पदरात पाडून घेतला होता, यातील विसंगती विलक्षण आहे. प्रेक्षकांच्या बाकावर बसणाऱ्या फिटरला आपल्या वतीने भांडणारी संघटना होती. ज्याच्यासाठी तो टाळ्या पिटीत होता त्या वीराला ती नव्हती.

लिंडसेने बेसबॉल खेळाडूंच्या वकिलांचा सल्ला घेतला, सहाही संघांतील प्रमुख खेळाडूंशी गुपचूप बोलणी केली, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये न्यू यॉर्क येथे नॅशनल हॉकी लीग प्लेयर्स असोसिएशनची घोषणा झाली. मॉन्ट्रियलचा डग हार्वी, टोरँटोचा जिमी थॉमसन, शिकागोचा गस मॉर्टसन, बॉस्टनचा फर्न फ्लॅमन आणि न्यू यॉर्कचा बिल गॅड्सबी हे त्याचे सहकारी. त्यांच्या मागण्यांत क्रांतिकारक असे काहीच नव्हते: निधीचा हिशेब, किमान पगार, बदली झाल्यास सामान हलविण्याचा खर्च, आणि दूरचित्रवाणीच्या नव्या उत्पन्नात काही वाटा. परंतु मालकांचे डोके फिरले. लिंडसेने त्याच हंगामात ८५ गुण मिळविले होते, जे त्याच्या सबंध कारकिर्दीतील सर्वोच्च. तरीही उन्हाळा संपण्यापूर्वी डेट्रॉइटने त्याला, आणि त्याच्यासोबत ग्लेन हॉल या तरुण गोलरक्षकाला, तळाशी असलेल्या शिकागो संघात धाडून दिले. हा हॉल केवढ्या तोलाचा होता, तर मुखवटा न घालता ओळीने ५०२ सामने त्याने गोलरक्षण केले. थॉमसनचीही टोरँटोने शिकागोलाच विक्री केली. मध्यंतरी ॲडम्सने वार्ताहरांपुढे लिंडसेच्या पगाराचा फुगविलेला आकडा ठेवून, एवढे घेऊनही हा कृतघ्न कुरकुरतो, असे चित्र उभे केले. संघटनेने न्यायालयात मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. पण नोव्हेंबर १९५७ मध्ये डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी संघटनेतून अंग काढून घेतले, आणि १९५८ च्या आरंभी तडजोड होऊन ती मोडली. किमान पगार ७ हजार डॉलर, निवृत्तिवेतनात काही वाढ, अशा थोड्या सवलती हाती आल्या; हिशेबाची वही मालकांच्याच कपाटात राहिली.

डेट्रॉइटच्या खेळाडूंनी असे अंग काढून घेतले तेव्हा हाऊ लिंडसेच्या बाजूने उभा राहिला नाही. तो उभा राहता तर काय झाले असते हे सांगणे कठीण. परंतु लीगमधील सर्वांत मोठ्या खेळाडूला विकून टाकण्याची छाती ॲडम्सला झाली नसती, असे मानण्यास जागा आहे. हाऊ भित्रा नव्हता. पुढे १९५९ मध्ये लू फाँटिनाटो नावाच्या न्यू यॉर्कच्या दांडगट खेळाडूशी झालेल्या मारामारीत त्याने त्याचे नाक असे फोडले की तिची हकीकत अजून सांगतात. मग बर्फावर कोणालाही न भिणारा हा माणूस मेजापलीकडच्या कारकुनी आकड्यांपुढे का नमला? माझ्या मते याचे कारण त्याच्या स्वभावापेक्षा त्याला मिळालेल्या संस्कारात शोधावे लागेल. खेळावयास मिळते हेच भाग्य, त्यावर पैसे मिळतात ही मालकाची मेहेरबानी, ही शिकवण तळ्यावरच्या पोराच्या मनात इतकी खोल रुजविलेली असते की हक्क मागणे त्याला विश्वासघातासारखे वाटू लागते. फुकटही खेळलो असतो, ही खेळाडूची भावना खरी असते, उदात्तही असते. पण तिचा दाखला देऊन पगार कापण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला कसा पोहोचतो?

मालकांच्या कैफियतीत तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. मंदीच्या काळात या लीगमधील कित्येक संघ बुडाले होते; रिंगणे बांधण्यात आणि बर्फ गोठविणारी यंत्रे चालविण्यात ज्यांनी पैसा ओतला त्यांनी नुकसानीचा धोका पत्करला होता. खेळाडूंना मनसोक्त पगार दिले तर लहान शहरांतील संघ टिकणार नाहीत, ही भीती आजही निराधार ठरत नाही. परंतु धोका पत्करणाऱ्याने तो धोका आकड्यांत दाखवावा लागतो. ज्याचे खरोखरच दिवाळे निघण्याच्या बेतात आहे तो आपली वही उघडून समोरच्याला गप्प करतो. वही लपविणाऱ्याला तोट्यापेक्षा नफा उघडकीस येण्याची धास्ती अधिक असते.

हाऊला ही गोष्ट उमजावयास आणखी एक तप लागले. १९६८ साली बॉबी बॉन नावाचा बचावपटू डेट्रॉइट संघात आला आणि त्याने जुना शिष्टाचार मोडून हाऊला आपल्या पगाराचा आकडा सांगितला. तो हाऊच्या पगाराहून बराच मोठा होता. चाळिशीला टेकलेला, जगप्रसिद्ध असा तो पुरुषोत्तम तेव्हा मालक ब्रूस नॉरिसकडे गेला, त्याने एक लाख डॉलर मागितले आणि ते तात्काळ मंजूर झाले. यापूर्वी का दिले नाहीत असे विचारता, तू कधी मागितलेच नाहीस, असे उत्तर मिळाले म्हणतात. पुढे मनगटाच्या संधिवाताने १९७१ मध्ये त्याने काठी खाली ठेवली, तेव्हा संघाने त्याला उपाध्यक्ष हे नाव, एक खोली आणि जवळजवळ काहीही नसलेले काम दिले. मालकांची मक्तेदारी मोडली ती बाहेरून. १९७२ साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग निघाली, विनिपेगच्या संघाने बॉबी हल या नामांकित खेळाडूला केवळ सहीबद्दल दहा लाख डॉलर मोजले, आणि फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने करारनाम्यातील त्या जन्मठेपेच्या कलमाचा अंमल रोखून धरला. दुसऱ्याच वर्षी हाऊ टेक्सासमधील ह्यूस्टनच्या संघात आपल्या मार्टी आणि मार्क या दोन मुलांच्या सोबत पुन्हा खेळू लागला, आणि १९७९-८० मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, हार्टफर्डच्या संघातून जुन्या लीगचे ८० सामने एकही न चुकता खेळून मगच निवृत्त झाला. लीगमधील त्याच्या गोलांची संख्या तेव्हा ८०१ भरली.

येथे या कथेला एक कटू वळण लागते, आणि ते न सांगता संघटनेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६७ साली ॲलन ईगलसन या टोरँटोच्या वकिलाने खेळाडूंची संघटना पुन्हा उभी केली. पण तोच कित्येक खेळाडूंचा खाजगी मुखत्यार, तोच संघटनेचा प्रमुख आणि तोच आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा सूत्रधार, अशा एकवटलेल्या सत्तेपुढे हिशेब विचारणार कोण? १९६९ मध्ये निधीत भरणा करण्याची सारी जबाबदारी मालकांनी घेतली, आणि त्याच्या मोबदल्यात निधीच्या मंडळावरील खेळाडूंच्या जागा गेल्या. बॉबी ऑरला बॉस्टनने १९७६ साली मालकीत सुमारे साडेअठरा टक्के हिस्सा देऊ केला होता, ही गोष्ट त्याचा मुखत्यार असलेल्या ईगलसनने त्याला कळूच दिली नाही. निकामी गुडघे घेऊन तो शिकागोला गेला आणि अवघे २६ सामने खेळून थांबला. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या गावच्या एका लहानशा दैनिकात रस कॉनवे या वार्ताहराने १९९१ पासून हे सारे चव्हाट्यावर आणले, आणि १९९८ मध्ये ईगलसनने बॉस्टन आणि टोरँटो येथील न्यायालयांत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. लिंडसेच्या प्रश्नाचा रोख केवळ मालकांकडे होता असे समजणाऱ्यांना या प्रकरणाने चांगलाच धडा दिला.

त्या प्रश्नाचा फैसला अखेर न्यायालयातच व्हावयाचा होता. कार्ल ब्रूअर या जुन्या टोरँटोच्या बचावपटूने चिकाटीने कागद जमविले, आणि १९९१ साली ऑन्टारियोच्या न्यायालयात सात माजी खेळाडूंनी लीगविरुद्ध दावा दाखल केला. निवृत्तिवेतनाच्या निधीत वाढत्या व्याजदरांमुळे जी शिल्लक साठली होती ती मालकांनी आपल्या सोयीने वापरली, ती खेळाडूंची आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या सात वादींमध्ये बॉबी हल होता आणि गॉर्डी हाऊही होता. एवढी प्रदीर्घ सेवा करूनही लीगकडून हाऊला मिळणारे निवृत्तिवेतन वर्षाला पंधरा हजार डॉलरांपर्यंत पोहोचत नव्हते. १९९२ मध्ये न्यायाधीशांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला; अपिलातही तो कायम राहिला, १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला, आणि व्याजासह चार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम माजी खेळाडूंना परत करावी लागली. १९५७ मध्ये जो गप्प राहिला त्याने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी का होईना आपले नाव या फिर्यादीवर घातले, ही त्याच्या ८०१ गोलांइतकीच मोलाची कामगिरी मी मानतो. कारण त्याचे नाव तेथे नसते तर वर्तमानपत्रांनी त्या दाव्याची एवढी दखल घेतली असती असे वाटत नाही.

लिंडसेची ताठ मान मात्र प्रथमपासून अखेरपर्यंत तशीच राहिली. १९६६ साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. तो समारंभ केवळ पुरुषांसाठी होता, पत्नीला आणि मुलांना तेथे प्रवेश नव्हता, म्हणून तो गेलाच नाही, आणि पुढच्या वर्षी तो नियम बदलावा लागला. खेळाडूंनी आपल्यापैकी सर्वोत्कृष्ट कोण हे स्वतः मत देऊन ठरवावे, असा जो पुरस्कार लीगमध्ये दिला जातो त्याला २०१० पासून टेड लिंडसेचे नाव आहे. डेट्रॉइट आणि कॅनडातील विंझर यांना जोडणाऱ्या नव्या पुलाला हाऊचे नाव दिले गेले. दोघांचाही सन्मान यथोचित झाला. फक्त एकाचा सन्मान लीगच्या इतिहासाने सहज केला आणि दुसऱ्याचा त्याच्या सोबत्यांच्या वारसांनी करविला.

आज या लीगमधील नवख्याचा किमान पगारही वर्षाला साडेसात लाख डॉलरांच्या वर आहे, तेव्हा या जुन्या गाऱ्हाण्यांचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. पगाराच्या कमाल मर्यादेवरून २००४-०५ चा सबंध हंगाम रद्द झाला, तेव्हा प्रेक्षकांनी खेळाडूंनाही दूषणे दिली आणि ती सर्वस्वी अन्याय्य नव्हती. परंतु पगार वाढला म्हणून प्रश्न संपत नाही. तो पैशाच्या वहीतून देहाच्या वहीत जातो. डेरेक बूगार्ड या खेळाडूला संघाने घेतले होते ते मुख्यतः मारामारीसाठी. लीगमधील २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. २०११ साली अठ्ठाविसाव्या वर्षी तो मरण पावला आणि डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी होणारी विकृती त्याच्या मेंदूत आढळली. अशा आघातांचे परिणाम आपल्यापासून लपविले गेले, असे म्हणत माजी खेळाडूंनी लावलेल्या दाव्यांत २०१८ मध्ये सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलरांवर तडजोड झाली. उत्तरदायित्व मात्र लीगने मान्य केले नाही.

आपल्या वाचकांना हे सारे दूरदेशीचे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही आता संघमालकांच्या लीगा स्थापन झाल्या आहेत. क्रिकेटपटूंचा लिलाव दूरचित्रवाणीवर होतो आणि कोणाची बोली किती कोटींवर गेली हे गल्लीतल्या पोरालाही पाठ असते. पण क्रिकेटच्या कारभारात सुधारणा सुचविणाऱ्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये जी खेळाडूंची संघटना स्थापन झाली ती निवृत्तांची आहे. आज मैदानावर उतरणाऱ्यांच्या वतीने करारनाम्याच्या अटींवर बोलणारी संघटना नाही. तारांकित क्रिकेटपटूचे त्यावाचून अडत नसेल. अडते ते एका हंगामापुरत्या घेतलेल्या, दुखापत होताच विसरल्या जाणाऱ्या उमेदवाराचे, आणि त्याहून अधिक कबड्डीसारख्या खेळातील त्या मुलांचे, ज्यांचा खरा आधार अजूनही रेल्वे, बँक किंवा पोलीस दलातील नोकरी हाच आहे. अशा मुलाला कोणी खेळाचे प्रेम शिकवावयास नको, ते त्याच्यापाशी मालकाहून अधिक असते. त्याला शिकवावयाचे ते हे की सहीपूर्वी करारनामा जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा, दुखापतीचा आणि मुदतपूर्व बडतर्फीचा खर्च कोणाच्या माथी आहे ते कलम शोधून काढावे, शेजारच्या सोबत्याला किती मिळते हे निःसंकोच विचारावे आणि आपला आकडा त्याला सांगावा. आणि जो संघातील सर्वांत मोठा असेल, ज्याला काढून टाकण्याची कोणाची छाती नाही, त्याने हा प्रश्न सर्वांआधी, सर्वांच्या वतीने आणि आपली गरज नसताना विचारावा. कारण त्याने विचारला तर तो प्रश्न ठरतो, आणि दुबळ्याने विचारला तर तो गुन्हा ठरतो.